कपाखालचा ठिपका

मटार आला. हडपसरच्या बाजारात हिरव्या शेंगांचे ढीग लागले आणि भाजीवाले न मागता मूठभर जास्त टाकायला लागले, की पुण्यातल्या घराघरांत एकच उद्योग सुरू होतो. टीव्हीसमोर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर शेंगा ओतायच्या आणि सोलत बसायचं. दाणे फ्रीजरमध्ये जातात, आणि सोलता सोलता तोंडात किती गेले याची चौकशी कोणी करायची नसते. आज सकाळी मिलिंद, म्हणजे माझा नवरा, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आला आणि म्हणाला, "यंदा दाणा गोड आहे." हे तो दर वर्षी म्हणतो. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून जरा जास्त ठामपणे म्हणतो, एवढाच फरक.

मी पहिली शेंग मोडली. तो कोवळा, ओलसर वास आला आणि दोन वर्षांपूर्वीची थंडी समोर येऊन बसली. ती आठवून मला रडू वगैरे येत नाही, हे आधीच सांगून टाकते. आजारपणाच्या आठवणी सांगणाऱ्या बाईने मधूनमधून डोळे पुसावेत अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याकडून ती पुरी होणार नाही. मी त्या थंडीतून चांगली बाहेर आलेली बाई आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

मी मुद्रितशोधक आहे. बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकाजवळ शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशकाकडे गेली कित्येक वर्षं छपाईला जाण्याआधीची पानं तपासते. इतरांच्या वेलांट्या सरळ करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. या धंद्यामुळे माझा स्वभाव असा झाला, की स्वभाव असा म्हणून हा धंदा मिळाला, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. लग्नपत्रिका आली की मी आधी चुका बघते, मग नवरा-नवरीची नावं. दुकानाच्या पाटीवर 'शुध्द' तूप दिसलं तर मी तिथून तूप घेत नाही.

तर त्या वर्षी अशोक विजयादशमीला आमच्या विहारात रक्तदान शिबिर होतं. ते दर वर्षीच असतं, आणि दर वर्षी मी रांगेत उभी राहते, आणि दर वर्षी बोटाला सुई टोचून "ताई, हिमोग्लोबिन कमी आहे" असं सांगून मला परत पाठवतात. त्या वर्षी मी आधीपासून बीट, खजूर, पालक असा मारा करून गेले आणि चक्क पास झाले. रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, चहा घेतला, आणि दिवसभर दंडावरची पट्टी काढली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारावं अशी इच्छा होती. थोड्या दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. "मॅडम, जरा समक्ष येऊन जाल का?" समक्ष हा शब्द मला तिथेच खटकला. चांगली बातमी कोणी समक्ष देत नाही.

हेपॅटायटिस सी. प्रज्ञाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी मला फार रक्तस्राव झाला होता आणि रक्त चढवावं लागलं होतं. त्या काळी रक्ताची ही तपासणी सगळीकडे होत नसे. डॉक्टर म्हणाले, बहुधा तेव्हाच हा विषाणू आला असणार आणि इतकी वर्षं गुपचूप यकृतात बसून असणार. घरातल्यांच्या तपासण्या झाल्या, दोघंही सुटले. त्या संध्याकाळी प्रज्ञा माझ्या शेजारी येऊन बसली. ती इथेच एका आयटी पार्कात नोकरी करते, एरवी बोलायला लागली की थांबत नाही. त्या दिवशी एकच वाक्य म्हणाली, "म्हणजे आई, टेक्निकली हे माझ्यामुळे झालं."

"टेक्निकली ते रक्त मिळालं नसतं तर मी नसते, आणि मग तुला कोणी वाढवलं असतं?" मी म्हटलं. "तुझ्या बाबांनी? त्यांना तुझी वेणी तरी घालता आली असती का?"

ती हसली. मलाही बरं वाटलं. इथवर मी अगदी शाबूत होते, हे लक्षात घ्या.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. आता या आजारावर चांगली औषधं आहेत, रोज एक गोळी, तीन महिने, आणि बहुतेक जण पूर्ण बरे होतात. दात घासायचा ब्रश, नेलकटर, ब्लेड अशा रक्त लागू शकणाऱ्या गोष्टी वेगळ्या ठेवा. बाकी ताट, वाटी, कप, जवळ बसणं, मिठी मारणं, यातून काही होत नाही. मी सगळं ऐकलं, समजून घेतलं, दोन प्रश्न विचारले. मग घरी आले, प्रज्ञाची लाल नेलपॉलिशची बाटली शोधली, एक कप उलटा केला आणि त्याच्या बुडाला एक ठिपका दिला. हा माझा. हा मीच धुणार, हा मीच कोपऱ्यात पालथा घालणार.

असं करायला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी तर उलट सांगितलं होतं. पण ठिपका दिल्यावर मला फार शांत वाटलं. त्याच आठवड्यात मी विळीही सोडली. विळीवर बोट कापलं तर, या विचाराने मी भाजी चिरणं बंद केलं, मग स्वयंपाकघरात जाणंच बंद केलं. मिलिंद खिचडी करायला लागला. त्याच्या खिचडीबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, तो हा लेख वाचणार आहे.

आणि मग गोळ्या सुरू झाल्या, बाहेर थंडी सुरू झाली, आणि माझ्या आत काहीतरी बंद झालं.

आता या बंद होण्याला मराठीत काय म्हणायचं, ही माझी त्या थंडीतली मुख्य अडचण होती. नैराश्य हा शब्द मी हजार वेळा तपासला आहे, पण तो निबंधातला. घरात पलंगावर पडून कोणी "मला नैराश्य आलंय" म्हणत नाही. डिप्रेशन म्हटलं की मालिकेतल्या श्रीमंत सुना डोळ्यांसमोर येतात. मग मी आपली सगळे म्हणतात तेच म्हणायला लागले. कंटाळा आलाय.

या शब्दाला आपण फार राबवून घेतो. भाजी तीच असली तरी कंटाळा, पाहुणे जास्त थांबले तरी कंटाळा, सोमवार आला तरी कंटाळा. त्यामुळे तो ऐकून कोणी दचकत नाही. मी मिलिंदला म्हटलं, कंटाळा आलाय, तर तो म्हणाला, "मग जरा पड." प्रज्ञाला म्हटलं, तर म्हणाली, "आई, यू आर जस्ट बोअर्ड. मी तुला एक मस्त सिरीज लावून देते." ऑफिसात म्हटलं, तर साहेब म्हणाले, "आम्हालाही आलाय, पण करता काय." कोणाचंच काही चुकलं नाही. मीच शब्द हलका निवडला होता.

खरं काय होत होतं, तर सकाळी जाग आली की छातीवर ओलं पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. दाराची बेल वाजली की भीती वाटायची. केस विंचरायला हात उचलायचा, हेसुद्धा ठरवून करावं लागायचं. आणि सारखं वाटायचं, की मी या घरात जरा बाजूला असलेली बरी. ऑफिसात शेजारच्या टेबलवरच्या बाईने माझ्या डब्यातलं घेणं बंद केलं, तेव्हा मला तिचा राग आला नाही. वाटलं, बरोबर आहे तिचं. राग न येणं हे माझ्या बाबतीत किती गंभीर लक्षण आहे, हे मला ओळखणारे लोक सांगतील. ती बाई अजूनही माझ्या डब्यातलं घेत नाही. आता मला रोज राग येतो, आणि तब्येत उत्तम आहे.

मी सुटी घेऊन घरी पडून राहायला लागले, तेव्हा शेजारच्या गोखलेकाकू मात्र यायच्या. सदाशिव पेठेतून मुलाजवळ राहायला इकडे आलेल्या, आणि हडपसर हे पुण्यात येतं की नाही याबद्दल अजून साशंक. त्यांना कुणाकडून तरी एवढंच कळलं होतं की मला हेपॅटायटिस झालाय. त्यांनी त्याचं भाषांतर केलं कावीळ, आणि पदर खोचून कामाला लागल्या. बिनहळदीचा, बिनतेलाचा उकडलेला दुधी घेऊन आल्या. "पिवळं म्हणून काही खायचं नाही," त्यांनी बजावलं. "हळद नाही, वरण नाही. आणि आमच्या भाच्याच्या ओळखीत एक जण काविळीची माळ देतात. गळ्यात घालायची. कावीळ उतरते तशी माळ लांब होत जाते."

"काकू, डॉक्टरांनी सगळं खायला सांगितलंय. आणि त्यांना विचारल्याशिवाय दुसरं औषध घ्यायचं नाही असंही."

"माळ खायची नसते," काकू म्हणाल्या.

एरवी या वाक्यावर मी आठवडाभर हसले असते. तेव्हा मी दुधी खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. काकूंना खरं सांगायची हिंमत नव्हती. रक्तातला आजार म्हटलं की त्या यायच्या बंद होतील असं वाटायचं, आणि त्या आल्या की कधी जातील असंही वाटायचं.

तपासणीला स्वारगेटच्या पलीकडे जावं लागायचं. बसने मी आणि मिलिंद. बाहेर बसायच्या जागी भिंतीवर एक मोठा रंगीत फलक लावला होता. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'आपल्या विकृताची काळजी घ्या'. यकृताचं विकृत झालं होतं. कोणाच्या तरी यंत्राने परस्पर सुधारणा केली असणार, आणि ती कोणी वाचली नसणार. मी ते वाचलं. चूक दिसली. आणि मला काहीच वाटलं नाही. ना हसू, ना चीड, ना पर्सकडे हात गेला. पर्समध्ये माझं पेन कायम असतं.

मी तिथे बसून फलकाकडे बघत राहिले, आणि मला पहिल्यांदा माझी स्वतःची भीती वाटली. मी मिलिंदला म्हटलं, "तो फलक वाच."

त्याने वाचला. मग माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली आहेत, त्याला दुसरं काही सांगावं लागलं नाही. आत गेल्यावर डॉक्टरांनी "बाकी काही त्रास?" असं विचारलं, आणि मी नाही म्हणायच्या आत तो म्हणाला, "डॉक्टर, हिला चूक दिसतेय, पण ती दुरुस्त करत नाहीये."

डॉक्टरांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले आणि त्याच इमारतीतल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे चिठ्ठी दिली. लहानखुऱ्या, गंभीर चेहऱ्याच्या बाई. त्यांनी विचारलं, "काय होतंय?"

"कंटाळा येतो."

"कशाचा?"

हा प्रश्न इतक्या दिवसांत कोणी विचारला नव्हता. मी विचार केला आणि म्हटलं, "मी आहे याचा."

बाईंनी मान वर केली नाही, लिहीत राहिल्या, पण आवाज मऊ झाला. "कंटाळा माणूस सुटीवर गेला की जातो. तुमचा सुटीवर वाढलाय. त्यामुळे त्याला कंटाळा नको म्हणूया. हा आजार आहे, आणि यालाही औषध आहे. एक आजार बरा होईपर्यंत दुसऱ्याने थांबायची गरज नसते." मग त्यांनी आधीच्या डॉक्टरांना फोन करून दोन्ही औषधं एकत्र चालतील याची खात्री केली, आणि दर आठवड्याला येऊन बोलायला सांगितलं. मी बाहेर येऊन मिलिंदच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. भर दुपारी, सगळ्यांसमोर. तिथे बसलेल्या लोकांनी सभ्यपणे विकृताच्या फलकाकडे बघितलं.

औषधाने दुसऱ्या दिवशी सूर्य उगवत नाही. बाईंनी तसं सांगितलंच होतं. पण माझ्या हाताला काहीतरी काम हवं, असंही त्यांनी मिलिंदला सांगितलं होतं. तो हाताचं काम हा विषय घेऊन बाजारात गेला आणि मटार घेऊन आला. मी पलंगावरून म्हटलं, "मी सुरी धरणार नाही."

"मटाराला सुरी लागते का?" तो म्हणाला आणि वर्तमानपत्र पसरायला लागला.

शेंगेच्या टोकाशी अंगठा दाबायचा, ती उघडते. दाणे ओढायचे. टरफल डावीकडे. यात विचार करायला काही नाही आणि चुकायलाही काही नाही. पहिल्या दिवशी मी ओंजळभर सोलला आणि परत जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त. मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की मी एक दाणा तोंडात टाकलाय, आणि तो खरंच गोड आहे. मी हे मिलिंदला सांगितलं नाही, नाहीतर त्याने ते वर्षभर ऐकवलं असतं.

मटार सोलता सोलताच त्याने ते सांगितलं. टीव्ही बंद होता. त्याने माझ्याकडे न बघता सुरुवात केली. "बाबांचा कप गावातल्या हॉटेलच्या बाहेर असायचा, फळीवर. आपल्या लोकांसाठी वेगळा. पाऊस आला की त्यात पाणी साचायचं. ते ओतून टाकायचं, कप आपणच विसळायचा आणि पुढे करायचा. वरून चहा ओतायचे." त्याने एक शेंग मोडली. "मी लहान होतो, मला वाटायचं बाबांचा मान म्हणून वेगळा कप आहे."

सासऱ्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. ते आमच्या घरी राहायला आले की चहा झाल्यावर सगळ्यांचे कप स्वतः उचलायचे आणि एकत्र एका भांड्यात धुवायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला स्वच्छतेची आवड.

"माझ्या घरात फळी नाहीये, सुनंदा," मिलिंद म्हणाला. बस, एवढंच. मी खाली मान घालून सोलत राहिले. पण संध्याकाळी चहा झाला तेव्हा मी माझा कप नेहमीप्रमाणे वेगळा धुतला. कळणं आणि वळणं यात माझी बरीच वर्षं जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यातला माझा कप घ्यायला गेले, तर तो तिथे नव्हता. सगळे कप ओट्यावर पालथे, एका ओळीत मांडलेले. प्रत्येकाच्या बुडाला लाल ठिपका. पाहुण्यांसाठी ठेवणीतले होते, त्यांनाही. दुधाच्या पेल्यालासुद्धा. कचऱ्याच्या डब्यात नेलपॉलिशची रिकामी बाटली पडली होती. ठिपके चांगले गोल होते. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाचा हात होता तो. मी प्रत्येक कप उचलून बघितला. माझा ओळखू येईना. प्रज्ञा मागून येऊन म्हणाली, "आई, बाबांनी माझी फेव्हरिट शेड संपवली," आणि ओळीतला मधलाच एक कप उचलून तिने चहा ओतला, मला दिला, आणि दुसरा उचलून स्वतः घेतला.

मी बरी केव्हा झाले असं कोणी विचारलं तर मी ती सकाळ सांगते. तसं वैद्यकीयदृष्ट्या ते खोटं आहे. त्यानंतरही पोत्याचे दिवस आले, गोळ्या चालू राहिल्या, बाईंकडे जाणं चालू राहिलं. मनाची गोळी तर यकृताची संपल्यावरही बरेच महिने होती, आणि मी ती कुणापासून लपवली नाही. पण त्या सकाळनंतर मी बाजूला राहायचं सोडलं. विळी परत घेतली. पहिल्या दिवशी हातमोजे घालून कांदा चिरणारी बाई बघून प्रज्ञाने फोटो काढला. पुढच्या वेळी हातमोजे काढले.

गोखलेकाकूंनाही एक दिवस सांगून टाकलं. "काकू, ही कावीळ नव्हे. रक्तातून आलेला आजार आहे. तुम्हाला इथे चहा प्यायचा नसेल तर मला वाईट वाटणार नाही." ते खोटं होतं, फार वाईट वाटलं असतं.

काकू खुर्ची ओढून बसल्या. "म्हणजे तो दुधी मी उगाचच उकडला," त्या म्हणाल्या. "आणि चहाचं बोलताय, पण अजून टाकला नाहीत."

पुढच्या तपासणीला स्वारगेटला गेलो तेव्हा फलक तिथेच होता. मी खुर्चीत बसले, वर बघितलं, आणि मला अशी सणसणीत चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी आली होती. मी पर्समधून पेन काढलं, उठले, 'वि' खोडला, वर 'य' लिहिला आणि समासात नेहमीची खूण केली.

"मॅडम, फलकावर काही लिहायचं नसतं," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"लिहीत नाहीये, दुरुस्त करतेय," मी म्हटलं. मागे मिलिंद मोठ्याने हसला. तो हॉस्पिटलात हसत नाही.

गोळ्या संपल्या, पुन्हा तपासण्याआधी थांबायचा काळ गेला, आणि उन्हाळ्यात शेवटचा रिपोर्ट आला. विषाणू नाही. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगून ठेवली. आजार गेला तरी त्याच्याशी लढल्याची खूण रक्तात राहते, त्यामुळे साध्या चाचणीत ती पुढेही दिसेल, आणि रक्तदान मात्र आता करता येणार नाही. याचं मला खरंच वाईट वाटलं. पण विजयादशमीला मी विहारात जातेच. शिबिराच्या दाराशी बसून नोंदणी करते, आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलेल्या बायकांना बीट खायला सांगते. सूचनांचा कागद तर मीच तपासते. त्यात चूक सापडणार नाही.

आज मटार सोलायला काकूही आल्या आहेत. त्यांचं मत असं की दाणा यंदा गोड नाही, पूर्वी पेठेत मिळायचा तो खरा मटार. मिलिंद त्यांच्याशी वाद घालतोय. प्रज्ञाने चहा आणला. काकूंनी कप तोंडाशी नेला तेव्हा समोर बसलेल्या मला त्याच्या बुडाशी लाल काहीतरी दिसलं. धुवून धुवून बऱ्याच कपांवरचे ठिपके गेलेत, काहींवर नखाएवढे उरलेत. प्यायल्यावर काकूंनी कप उलटा करून बघितला. "अहो, हे काय लागलंय?"

"खूण आहे," मी म्हटलं. "माझ्या कपाची."

"मग तुमच्या कपात मला कशाला दिला चहा?"

मी माझा कप उलटा केला. मिलिंदने त्याचा केला, प्रज्ञाने तिचा. काकूंनी प्रत्येक बुडावरचा लाल ठिपका बघितला, मग माझ्याकडे वळल्या.

"यातला तुमचा कुठला?"

"आठवत नाही, काकू," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.